आडनावाला प्रत्यय लावताना

बातमीत किंवा अर्जात मोठ्या माणसाचे आडनाव एकवचनात ठेवू नका. ‘बांदोडकरने’ नव्हे, ‘बांदोडकरांनी’. पूर्ण नाव असेल तर ‘दयानंद बांदोडकर यांनी’. बाई की पुरुष, हे क्रियापद सांगते: गोव्यात १९६३ मध्ये बांदोडकर मुख्यमंत्री झाले, १९७३ मध्ये काकोडकर मुख्यमंत्री झाल्या.

खरी अडचण एकारान्त, म्हणजे ‘ए’ने संपणाऱ्या आडनावांची. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले बंड ‘राण्यांचे’ म्हणूनच रुळले आहे, पण आज बरेच जण ‘राणेंचे’ लिहितात. मला जुने रूपच अस्सल वाटते. काहीही निवडा, एका मजकुरात दोन्ही मिसळू नका. देसाईंना, फर्नांडिसांना, हे सोपे. मात्र डिसोझा लिहायचे की डिसूझा, हे त्या घरच्यांनाच विचारा.