मातीतला मिथेन नेमकं कोण खातंय? कार्बन-१३ वापरून शोधायची पद्धत

मातीतल्या डीएनएचं सिक्वेन्सिंग केलं (त्यातली अक्षरं वाचली) की बॅक्टेरियांची भलीमोठी यादी मिळते, पण त्यातलं काम कोण करतंय आणि नुसतं पडून कोण आहे हे यादीवरून काही कळत नाही. त्यासाठी स्टेबल आयसोटोप प्रोबिंग, म्हणजे जड अणूंची खूण देऊन माग काढणं. निसर्गातल्या कार्बनमध्ये कार्बन-१३, म्हणजे कार्बनचा जरा जड प्रकार, जेमतेम १.१ टक्के असतो, म्हणून जवळपास सगळा कार्बन-१३ असलेला मिथेन मातीला द्यायचा, जो खाऊन वाढेल त्याचा डीएनए जड होतो. २००० साली मिथेनॉल देऊन जंगलातल्या मातीवर हे पहिल्यांदा करून दाखवलं गेलं.

बाटलीत थोडी माती घ्या, रबरी बुचाने घट्ट बंद करा, हा कार्बन-१३चा मिथेन सोडा आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर (वायू मोजायच्या यंत्रावर) तो किती उरलाय ते बघत रहा. त्याच मातीची दुसरी बाटली साध्या मिथेनची, आणि ही अजिबात टाळू नका! मी पहिल्या खेपेला गॅस वाचवायला टाळली होती आणि सगळा डेटा वाया गेला. कारण पूर्ण लेबल झालेला (सगळा कार्बन-१३ असलेला) डीएनए साध्यापेक्षा साधारण ०.०३६ ग्रॅम प्रति मिलि एवढाच जड होतो आणि जीसी टक्का (डीएनएतल्या जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण) जास्त असलेल्या बॅक्टेरियांचा डीएनए मुळातच जड असतो, मग ट्यूबमध्ये खाली बसलेला डीएनए मिथेन खाल्लेल्याचा की जास्त जीसीवाल्याचा हे दुसऱ्या बाटलीशिवाय सांगताच येत नाही.

डीएनए काढून सीझियम क्लोराइड या जड क्षाराच्या द्रावणात मिसळा, घनता १.७२५ च्या आसपास आणा, अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये (अतिवेगाने फिरवणाऱ्या यंत्रात) दीडेक दिवस फिरवा, म्हणजे जड डीएनए खाली आणि हलका वर असे थर होतात. थांबवताना ब्रेक लावू नका, थर ढवळले जातात. मग ट्यूबच्या तळाला सुई टोचून वरून हळूहळू पाणी पंप करायचं, खालून थेंब थेंब येतं ते बारा ट्यूबमध्ये गोळा करायचं, सगळ्यात जड आधी. अशा प्रत्येक हिश्श्याची (फ्रॅक्शनची) घनता रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या उपकरणावर) लगेच मोजून लिहून ठेवा. नंतर पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) घालून डीएनए खाली बसवताना थोडं ग्लायकोजेन घाला, नाहीतर पेलेट (तळाशी बसलेला डीएनएचा गोळा) दिसतच नाही आणि पाण्याबरोबर ओतला जातो.

आता प्रत्येक फ्रॅक्शनमध्ये पीएमओए जीन (मिथेन खाणाऱ्यांची ओळख पटवणारा) किती आहे ते क्यूपीसीआरने (जीनच्या प्रती मोजायच्या पद्धतीने) मोजा आणि घनतेसमोर ग्राफ काढा. साध्या मिथेनवाल्या बाटलीच्या मानाने शिखर जड बाजूला सरकलं असेल तरच जड फ्रॅक्शन सिक्वेन्सिंगला पाठवा.

आणि फार दिवस वाट बघू नका, मिथेन खाणाऱ्यांकडून बाहेर पडलेलं मिथेनॉल दुसरेच खातात आणि तेही लेबल होतात. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी बाटल्या उघडायच्या, आधी जे जड झाले ते बहुधा खरे मिथेन खाणारे.