शब्द हरवलेल्या माणसाला त्याचा निर्णय कसा विचारायचा

डिमेन्शिया म्हटलं की सगळ्यांना विसरणंच आठवतं, पण काही जणांची सुरुवातच भाषेपासून होते. त्याला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया म्हणतात, मार्सेल मेसुलम या न्यूरोलॉजिस्टने १९८२ साली अशा पेशंटबद्दल लिहिलं तेव्हापासून याच्याकडे नीट लक्ष गेलं. यात सुरुवातीला विचार करण्याची ताकद बऱ्यापैकी शाबूत असते आणि घरचे मात्र "त्यांना कुठे काय कळतंय" म्हणून सगळं परस्पर ठरवून टाकतात. प्लीज असं करू नका.

आधी चष्मा, कानाचं मशीन, टीव्ही बंद, माणूस ताजातवाना असेल ती वेळ, आणि बोलणारा एकच.

मग या आजाराचा प्रकार कुठला ते डॉक्टरांना किंवा स्पीच थेरपिस्टला विचारून घ्या कारण पद्धत त्यावर ठरते. नॉनफ्लुएंट प्रकारात समजतं पण बोलणं अडकत येतं, आणि कितीतरी वेळा "नाही" म्हणायचं असताना तोंडातून "हो" निघतं, म्हणून नुसत्या हो-नाहीवर कधीच सही घेऊ नका. सिमँटिक प्रकारात बोलणं सरळ येतं पण शब्दांचा अर्थच गेलेला असतो, तिथे समजावत बसण्यापेक्षा खरी वस्तू हातात द्या, खरी जागा दाखवून आणा. लोगोपेनिकमध्ये लांब वाक्य मध्येच निसटतं, तेव्हा छोटी वाक्यं आणि मुख्य शब्द कागदावर मोठ्या अक्षरात.

आता प्रत्यक्ष विचारायचं कसं? समजा प्रश्न आहे मुलीकडे राहायला जायचं की स्वतःच्या घरीच. दोन्ही घरांचे फोटो टेबलावर ठेवा, एकेकावर बोट ठेवून दोन शब्दांत सांगा आणि गप्प बसा, खरंच गप्प बसा, उत्तर यायला वेळ लागतो आणि आपल्यालाच ती शांतता सहन होत नाही. त्यांनी एक फोटो पुढे सरकवला की लगेच खूश होऊ नका. फोटोंच्या जागा बदला, क्रमही उलटा करा, कारण शेवटी ऐकलेलं तेच निवडलं असं होऊ शकतं. मग उलट विचारा, "म्हणजे मुलीकडे नको?" दुसऱ्या दिवशी परत विचारा. प्रत्येक वेळी तोच फोटो पुढे आला तर ते त्यांचंच उत्तर आहे, तुम्हाला आवडो न आवडो. चेहरा, हात झटकणं, उठून जाणं हेही लिहून ठेवा, डॉक्टरांना याचा खूप उपयोग होतो.

आणि निर्णय घेण्याची क्षमता ही निर्णयागणिक बघायची असते. घर विकण्याचा व्यवहार झेपत नसेल तरी कुठे राहायचं, कोणी आंघोळ घालायची हे त्यांना नक्की सांगता येऊ शकतं.

पैसे, पुढचे उपचार, आपल्या वतीने कोणी ठरवायचं, ही कागदपत्रं मात्र निदान झाल्या झाल्या करून घ्या, भाषा अजून हाताशी आहे तोवर, आणि जमलं तर त्यांचं म्हणणं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा.