आप्पांच्या गोळ्या कमी करायच्या तर

माझं चोपड्यात मेडिकल आहे. म्हाताऱ्या माणसांकडे एक चिठ्ठी जळगावच्या डॉक्टरांची, एक धुळ्याची, आणि एका डॉक्टरांना दुसऱ्यांची गोळी ठाऊक नसते. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात, मग सुजेसाठी लघवीची गोळी सुरू होते. असं मी फार बघते.

घरातली सगळी औषधं एका ताटात काढा. चूर्ण, डोळ्यांचे थेंब, गुडघ्यासाठी परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकसुद्धा. वहीत लिहा: कशासाठी, कोणी दिली, कधीपासून. जिचं कारण कुणालाच सांगता येत नाही, तिच्यावर खूण करा आणि सगळं घेऊन एकाच डॉक्टरांकडे जा.

स्वतःहून मात्र काही थांबवू नका. बीपी-हृदयाचं मेटोप्रोलॉल अचानक सोडलं तर हृदयाला धोका असतो. झोपेसाठी, घबराटीसाठी दिलेली अल्प्राझोलाम एकदम सोडली तर झटकेही येऊ शकतात. पण मला सर्वांत जास्त काळजी त्याच गोळीची वाटते. रात्री लघवीला उठलेली माय गुंगीत पडते आणि खुबा मोडतो. म्हणून ती कमी करण्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा.

डॉक्टरांनी सांगितलं, की एका वेळी एकच गोळी कमी करा, तीही हळूहळू. अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल सोडल्यावर काही दिवस जळजळ वाढू शकते, घाबरू नका. बीपी, झोप, चक्कर रोज वहीत लिहा. छातीत दुखलं किंवा माणूस बरळू लागला, तर लगेच दवाखाना गाठा.