फेअरफर्डच्या रंगीत खिडक्या पाहताना या चुका टाळा

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातले फेअरफर्डचे सेंट मेरी चर्च लोकरीचा व्यापारी जॉन टेम याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस नव्याने बांधायला घेतले आणि त्याचा मुलगा एडमंड याने ते काम पुरे केले. साधारण १५०० ते १५१५ या काळातील त्याच्या २८ रंगीत खिडक्यांचा संच जवळजवळ संपूर्ण टिकून आहे. इंग्लंडमधल्या दुसऱ्या कोणत्याही गावच्या चर्चला हे भाग्य लाभलेले नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पश्चिमेच्या भव्य खिडकीपासून सुरुवात करणे. तिथे अंतिम न्यायनिवाडा आहे, म्हणजे खिडक्यांतून सांगितलेल्या बायबलमधील कथेचा शेवट. आरंभ वेदीच्या डाव्या, उत्तरेकडील भागात होतो, जिथे सर्प ईव्हला मोहात पाडतो. तिथून क्रमाने पुढे गेले, तरच पूर्वेकडील येशूच्या क्रूसारोहणाचा अर्थ उलगडतो.

दुसरी चूक सगळीच काच मध्ययुगीन मानण्याची. १७०३ च्या वादळात पश्चिमेच्या खिडकीचे मोठे नुकसान झाले आणि तिच्या वरच्या अर्ध्या भागातील काच एकोणिसाव्या शतकातील आहे. खालच्या अर्ध्या भागात मात्र तराजू घेतलेला देवदूत मायकेल आणि उजवीकडचा लालभडक नरक जुनाच आहे. माझ्या मते या चर्चमध्ये सर्वाधिक वेळ याच भागाला द्यावा.

चेहऱ्यावरून आडवी जाणारी काळी रेघ दिसली की ती चित्रकाराचीच, असेही समजू नये. तडकलेली काच सांधताना पुढे घातलेली ती शिशाची पट्टी असू शकते. मूळ पट्ट्या बहुधा वस्त्राच्या किंवा शरीराच्या कडेने वळतात, तर दुरुस्तीच्या पट्ट्या आकृतीची पर्वा न करता तिला छेदून जातात. तसेच, सगळे रंग वरून दिलेले असतात, हा समज चुकीचा आहे. निळा, हिरवा हे रंग वितळलेल्या काचेतच मिसळलेले असतात. डोळे, केस आणि वस्त्राच्या चुण्या गडद रंगाने रेखून भट्टीत पक्क्या केल्या जातात, तर पिवळी झाक चांदीच्या संयुगाने येते.

खिडक्यांचे उभे दगडी दांडे कमानीपर्यंत सरळ चढतात, ही त्या काळच्या उभ्या रेषांच्या इंग्रजी गॉथिक शैलीची खूण. भिंतींच्या वरच्या खिडक्यांकडे दुर्लक्ष करू नये: दक्षिणेला हुतात्मे आणि उत्तरेला त्यांचा छळ करणारे समोरासमोर उभे आहेत, आणि ते नीट दिसण्यासाठी दुर्बीण जवळ असावी.