केसपेपरवरचा कोड आणि घरच्यांच्या चुका

केसपेपरवर 'एफ ३१' लिहिलेलं असतं. ओपीडीतून निघून रिक्षा मिळेपर्यंत घरच्यांनी ते मोबाइलवर शोधलेलं असतं. मानसोपचार विभागात नातेवाइकांशी बोलणं हेच माझं काम, त्यामुळे त्यातले बरेच जण रिक्षा सोडून परत माझ्या टेबलाशी येतात. चेहरे उतरलेले.

कोड वाचला, प्रश्नचिन्ह राहिलं

हे 'एफ'चे आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणातले. एफ २० म्हणजे स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा आजार), एफ ३१ बायपोलर (कधी डिप्रेशन, तर कधी मॅनिया म्हणजे अति उत्साह), एफ ३२ डिप्रेशनचा एपिसोड. दशांशानंतरचा आकडाही बघावा: एफ ३२.० सौम्य, ३२.१ मध्यम, ३२.२ तीव्र. १ जानेवारी २०२२ पासून आयसीडी-११ लागू झालं आणि त्यात स्किझोफ्रेनियाचा कोड ६ए२० झाला, पण फायलींवर मला अजून जुने एफच जास्त दिसतात.

कोडाच्या आधी बारीकसं प्रश्नचिन्ह असेल, तर निदान पक्कं झालेलं नाही. डॉक्टरांना तशी शंका आहे, एवढाच त्याचा अर्थ. गूगल मात्र प्रश्नचिन्ह गाळूनच उत्तर देतं.

लक्षणं सोडून आजाराचं नाव सांगणं

"ह्याला डिप्रेशन आलंय," असं म्हणून लोक खुर्चीत बसतात. त्यापेक्षा "गणपतीपासून जेवण निम्म्यावर आलं, पहाटे तीनला उठून बसतो," हे सांगा. मानसिक आजारांचे निकष दिवसांच्या हिशोबावर उभे आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार डिप्रेशनसाठी नऊपैकी किमान पाच लक्षणं दोन आठवडे, जवळपास रोज, दिसावी लागतात. त्यात उदासपणा किंवा कशातच रस न वाटणं, यातलं एक हवंच. स्किझोफ्रेनिया म्हणायला आयसीडीला एक महिना पुरतो, डीएसएमला सहा महिने लागतात. म्हणजे तिसऱ्या महिन्यात दोन डॉक्टरांनी दोन नावं सांगितली, तर त्यातला एक चुकलाच असेल असं नाही. यावरून डॉक्टर बदलत फिरणारी घरं मी पाहिली आहेत.

'तेव्हा तर छान होता हो!'

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. एक मावशी मुलाला घेऊन आल्या. दोन महिने अंथरुणातून उठत नाही, बोलत नाही, एवढंच सांगत होत्या. मी विचारलं, "याच्या अगदी उलट कधी झालं होतं का?"

"छे हो ताई. त्याआधी तर छान होता. तीन तास झोपायचा आणि दिवसभर दुकान बघायचा. दिवाळीत आल्या-गेल्याला साड्या वाटल्यान्, दोन मोबाइल घेतलेन्."

"किती दिवस चाललं हे?"

"असेल पंधरा दिवस. मग पैशांवरून भांडणं झाली."

कमी झोपून न थकणं, उधळपट्टी, अंगात संचारल्यासारखा उत्साह हे आठवडाभर टिकलं तर मॅनियाची शंका घेतात. घरच्यांना तो आजार वाटतच नाही. उलट, पोरगं कामाला लागलं म्हणून बरं वाटतं. पण ते सांगितलं नाही तर समोर दिसतं फक्त डिप्रेशन. मग नुसती डिप्रेशनची गोळी सुरू होते आणि बायपोलर असलेल्या काही जणांना ती मॅनियाकडे ढकलू शकते.

गोळीवरून आजार ओळखणं

"ही तर फिटची गोळी! आमच्या मुलीला फिट कुठे येते?" सोडियम व्हॅल्प्रोएट मिळालेल्या घरातून हा फोन ठरलेला. ती फिटवरही चालते आणि मॅनियावरही. शंका आली तर विचारा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे नाटकं

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. स्किझोफ्रेनिया किंवा डिप्रेशन दाखवणारी रक्ततपासणी नाही, एमआरआयही नाही. थायरॉइड, बी-१२ तपासतात ते दुसरं कारण लपलेलं नाही ना हे बघायला. थायरॉइड कमी पडलं की माणूस डिप्रेशनसारखा दिसतो, जास्त झालं की घाबराघुबरा. रिपोर्ट नॉर्मल आले तर ती कारणं बाजूला पडतात, त्रास तसाच असतो.

मोबाइलवरच्या पीएचक्यू-९ या डिप्रेशनच्या प्रश्नावलीचंही तेच. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांना दाखवा. ती चाळणी आहे, निदान नव्हे. आणि जीव द्यायची भाषा असेल तर गुण, कोड, कशाचीच वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं.

जुनी फाइल फाडणं

लग्न ठरताना हे हमखास होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ मध्ये स्पष्ट आहे की पूर्वी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आज कुणाला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही. फाइल फाडून मात्र कोणती गोळी कधी लागू पडली, हे सगळं जातं. पुढचा डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतो.

त्या मावशी पुढच्या खेपेला पिशवीतून कालनिर्णयची पानं गुंडाळून घेऊन आल्या. दिवाळीच्या आठवड्यातल्या चौकोनांत दुकानाची रोजची विक्री पेनाने लिहिलेली होती, आणि खाली आठवून आठवून पेन्सिलीने झोपेचे तास: ३, ३, २, ३. डॉक्टरांनी आधी ती पानं टेबलावर पसरली, फाइल नंतर उघडली.