मिनी मकाव पाळताय? आधी या चुका टाळा

सन कोन्युर या छोट्या पोपटाचा कंटाळा आला की गोव्यातल्या पक्षीवेड्यांची नजर मकाव या मोठ्या जातीच्या पोपटावर जाते. मोठा निळा-पिवळा मकाव घरात मावत नाही आणि खिशालाही झेपत नाही, म्हणून मग हान्स मकाव, म्हणजेच मिनी मकाव. दक्षिण अमेरिकेतला हा पक्षी जेमतेम फूटभर लांब, वजनाला १५० ग्रॅमच्या आसपास. अंग हिरवं, पंखाखाली लाल, कपाळावर निळी झाक, डोळ्यांपुढे पांढरी उघडी कातडी. नीट ठेवला तर २०-२५ वर्षं सहज सोबत करतो. लोक मात्र दिवाळीत जोडी आणतात आणि पुढच्या चवथीला पिल्लं विकायचा हिशोब मांडतात. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

पिसं न फुटलेलं पिल्लू आणणं

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते या चुकीनं. "बाब, लहानच घे. हातानं भरव, जन्मभर खांद्यावर बसेल," असं विकणारा सांगतो, आणि स्वस्त पडतं म्हणून घेणाराही मान डोलावतो. पक्षी माणसाळतो तो रोज त्याच्याजवळ बसल्यानं, सिरिंजनं नव्हे. ब्रीडरनं नीट वाढवून स्वतः खायला शिकवलेलं पिल्लूसुद्धा तितकंच अंगाखांद्यावर खेळतं.

डिचोलीला एका ओळखीच्या घरी ऐन जूनमध्ये तीनेक आठवड्यांची दोन पिल्लं आली. ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी पेटी, म्हणून पुठ्ठ्याचा खोका आणि वर बल्ब. पहिल्या मोठ्या पावसात वीजतारांवर माड पडला आणि रात्रभर अंधार. पिल्लं गार पडली. पहाटे घरातल्या मुलाला त्यांची दया आली, त्यानं गरमागरम फॉर्म्युला (पिल्लांना भरवायची तयार पूड) कालवून दोघांना गळ्यापर्यंत पाजला. मला फोन आला संध्याकाळी: "सकाळचं अजून गळ्याखाली तसंच दिसतंय, उतरतच नाही." उतरणार कसं? अंग गार पडलं की पचन थांबतं आणि गळ्याखालच्या पिशवीतलं अन्न तिथंच आंबायला लागतं. पशुवैद्याकडे नेईपर्यंत एक गेलं. दुसरं वाचलं, पण पुढे कितीतरी दिवस घरात कुणाला धड झोप नव्हती.

पिल्लू गार असेल तर आधी ऊब द्यायची, अंग गरम झाल्यावरच अन्न. फॉर्म्युला ३९ ते ४१ अंश सेल्सियस, आणि तोही थर्मामीटर बुडवून बघायचा. मनगटावर थेंब टाकून अंदाज घेणारे पुष्कळ बघितलेत, त्यांची पिल्लंही बघितलीत. मायक्रोवेव्हला तर हातच लावू नका. वरून कोमट लागणारा घोल मध्येच कुठेतरी चटका देण्याइतका तापलेला असतो. पिशवी भाजते आणि काही दिवसांनी त्या जागी भोक पडून खाल्लेलं बाहेर येतं, तेव्हा कुठे कळतं. इन्व्हर्टर नसेल तर पावसाळ्यात ब्रूडरचा विचारही नको. मी स्वतः पिल्लू माझ्यासमोर दाणे फोडून खाताना दिसल्याशिवाय पैसे काढत नाही. तोवर ते साधारण तीन महिन्यांचं होतं. एवढा धीर नसेल तर हा पक्षी तुमच्यासाठी नाही.

डीएनए चाचणी न करता ‘ब्रीडिंग पेअर’ (नर-मादीची जोडी) घेणं

हान्स मकावचे नर-मादी दिसायला सारखेच. डोकं मोठं म्हणजे नर, चोच बारीक म्हणजे मादी, असलं कौशल्य सांगणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावं.

म्हापशाचे एक गृहस्थ अशीच ‘गॅरंटीड’ जोडी घेऊन आले. दोघं एकमेकांची मान खाजवायचे, एकमेकांना भरवायचे, अंडी घालायच्या बॉक्समध्येही एकत्र जायचे. शंका यायला जागाच नव्हती. मग अंडी आली, तीही सात. घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले. एकही अंडं भरलं नाही. पुढच्या खेपेलाही तेच. मग दोष कॅल्शियमला, शेजारच्या फटाक्यांना, शेवटी नजर लागण्याला. इन्क्युबेटरसुद्धा विकत आणला! या पक्ष्याची मादी साधारण तीन-चार अंडी घालते, मग सात आली कुठून, एवढंच मी विचारलं. पिसं तपासायला पाठवली. दोन्ही माद्या.

छातीवरची चार-पाच पिसं मुळासकट ताजी उपटून लॅबला पाठवायची, एवढंच काम. पक्ष्याच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे. घेताना कपाळही बघा. निळी झाक आणि पंखाच्या खांद्याचा लाल रंग आलेला नसेल तर ते पोर आहे, विकणारा कितीही ‘तयार जोडी’ म्हणो. वरची चोच काळी तो हान्स, फिकट हस्तिदंती तो नोबल. जात एक, उपजाती वेगळ्या. त्यांची सरमिसळ करू नका.

बॉक्सची घाई

पक्षी तीन वर्षांचा होण्याआधी नेस्ट बॉक्स, म्हणजे अंडी घालायची पेटी, लावू नका. एकट्या पाळीव पक्ष्याला तर कधीच नको. बिचाऱ्याच्या अंगात येतं आणि तो तुमच्याच बोटांचे लचके तोडतो. अंडी एक दिवसाआड येतात आणि मादी २४ ते २६ दिवस बसते. या काळात दर तासाला झाकण उघडून मोबाइलचा फ्लॅश मारणाऱ्यांची अंडी फुटतात, यात नवल काय! मी आठवड्यानंतर एकदा टॉर्चवर अंडी बघतो, बस्स. पडवीत पिंजरा असेल तर मात्र बारीक जाळी हवीच. धामण आणि उंदीर दोघांनाही बॉक्सचा पत्ता लगेच लागतो.

बाकीच्या, थोडक्यात

चहात बुडवलेला उंडो (गोव्याचा पाव) पक्ष्याला देऊ नका. चहा वाईट, मीठही वाईट. अव्होकॅडो विष आहे. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या पक्ष्याच्या यकृतावर चरबी चढते. भोपळा, गाजर, पपई, शेवग्याचा पाला, तांबडी भाजी द्या. मोड आलेली कडधान्यं पावसाळ्यात लगेच आंबतात, दोन तासांत भांडं उचला. ओलसर हवेत बुरशी धरलेले शेंगदाणे फेकून द्या, धुऊन त्यातलं विष जात नाही. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी आणि मासेमारीच्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या चोचीपासून लांब ठेवा. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या धुरानं पक्षी मिनिटांत मरतो. आमच्याकडे मासे बिडाच्या तव्यावरच भाजतात.

कागद न बघता घेणं

२०२२ च्या दुरुस्तीनंतर असे विदेशी पक्षी वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले आहेत. २०२४ च्या नियमांप्रमाणे पक्षी हाती आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करायची असते. पिल्लू जन्मलं, मेलं, दुसऱ्याला दिलं तरी कळवायचं असतं. इलिगर्स मकाव हा आणखी एक मिनी मकाव दिसायला छोटा, पण तो सायटिस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्यानं त्याच्या पैदाशीला वेगळा परवाना लागतो. विकणाऱ्याकडे आधी त्याच्या नोंदणीचा कागद मागा. "पक्षी घेऊन जा, कागद मागाहून व्हॉट्सअॅपवर पाठवतो," असं म्हणाला तर पिंजरा खाली ठेवा आणि स्कूटरला किक मारा.