मालिका काढणारे निर्माते कॉमिक लिहायला बसले की: या चुका टाळा

गोरेगाव-अंधेरीत आयुष्यभर मालिका-सिनेमे काढले, आता निवृत्त होऊन विदर्भात दारव्ह्याकडे किंवा साकोलीकडे गावी आलात आणि डोक्यातल्या गोष्टी कॉमिकमधून सांगायच्या आहेत. उत्तम. गोष्ट कशी रंगवायची हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. पण निर्मात्याच्या अंगवळणी पडलेल्या काही सवयी इथे आडव्या येतात आणि चित्रकार तुमच्या वयाकडे बघून गप्प बसतो.

एका चौकटीत तीन कामं. 'बापू दार लोटून आत येतो, कंदील विझवतो आणि बाजेवर बसतो.' पडद्यावर हा एक शॉट. कागदावर यातला एकच क्षण मावतो. चित्रकार बिचारा मधलंच काहीतरी काढतो, बापू अर्धवट वाकलेला, हात हवेत, आणि हा बसतोय की उठतोय ते कळत नाही. वाक्यातली क्रियापदं मोजा. एकाहून जास्त असली तर चौकट फोडा. एकीत काचेवरून फुंकर मारणारा चेहरा, पुढचीत काळोख आणि बाजेच्या उंचीवर पेटलेली विडी. मधलं वाचक भरून घेतो.

खर्चाची भीती. ही सगळ्यात हट्टी सवय. पावसाचा टँकर, जनरेटर, रात्रीची शिफ्ट म्हटलं की निर्मात्याच्या पोटात गोळा येतो, म्हणून तो लिहितानाच पाऊस कापतो. अहो, कागदावर वैनगंगेच्या पुराला टँकर लागत नाही! उलट सेटवर स्वस्त पडणारं इथे महाग असतं. पोळा घ्या. गावात शूट करायचं तर बैल, झुली, तोरण सगळं आयतं. कॅमेरा फिरवला की झालं. चित्रकाराला मात्र तोरणाखालचा एकेक बैल, त्याची झूल, शिंगांचं बेगड, मागची माणसं, सगळं रेघ रेघ ओढून काढायचंय. आणि तुम्ही सलग सहा चौकटींत 'पोळा भरलेला आहे' लिहून मोकळे. त्याऐवजी पहिली चौकट अर्ध्या पानाची, भरगच्च मागा. मग जवळ जा: झडती (पोळ्यात म्हणतात ते गाणं) म्हणणाऱ्याचं उघडं तोंड, वेसण धरलेला हात, शिंगावरून सुटत आलेलं बेगड. गर्दी वाचकाच्या डोक्यात राहतेच.

फुगे फुगतात. संवादाच्या एका फुग्यात पंचवीसेक शब्दांच्या वर गेलात की चित्र झाकलं जातं. मालिकेत पात्रं तेच तेच बोलून वेळ काढतात, ते इथे चालत नाही. जो आधी बोलतो त्याला चौकटीत डावीकडे उभा करायला सांगा, नाहीतर उत्तर प्रश्नाच्या आधी वाचलं जातं.

घरं कोकणातली, भाषा कुठलीच नाही. चित्रकार पुण्याचा असेल तर 'खेडं' म्हटल्यावर त्याच्या हाताला जे येईल ते तो काढतो. कवेलूचं छत, बंडी (बैलगाडी), धानाची बांधी (भाताचं शेत), पऱ्हाटी (कपाशी) यांचे फोटो काढून पाठवा. फोन खिशातच असतो. बोलीचंही तसंच. 'मले', 'कायले', 'करून राह्यलो' एवढ्यानं वऱ्हाडी कानात वाजते, प्रत्येक शब्द वाकडा लिहिला तर वाचक अडखळतो. आणि गडचिरोलीच्या पात्राच्या तोंडी वऱ्हाडी घालू नका, तिकडे झाडीबोली आहे.

धक्का चुकीच्या पानावर. अमर चित्र कथेचे बहुतेक अंक ३२ पानांचे. ए-फोरचे आठ कागद मधोमध दुमडून टाचा, ३२ पानांची चोपडी तयार. प्रत्येक पानावर काय घडतं ते पेन्सिलीनं लिहा. रहस्य उजव्या पानावर असेल तर वाचकाला ते डावं पान वाचतानाच दिसतं. ते पान उलटल्यावर डावीकडे यायला हवं, म्हणजे सम क्रमांकाच्या पानावर.

कागदपत्रं राहून जातात. जुन्याच मालिकेवर कॉमिक करायचं असेल तर आधी करार काढून बघा, गोष्टीचे हक्क वाहिनीकडे गेलेले असू शकतात. आणि चित्रकाराला पैसे दिले म्हणून चित्रं आपली झाली असं धरून चालू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्कांचं हस्तांतर लेखी लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. दोन्ही गोष्टी करारात घाला, आणि मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव तुमच्या नावाइतक्याच अक्षरात छापायचं हेही त्यातच लिहून टाका.